‘तू गेलीसच कशाला?’



शनिवारी संध्याकाळी बंगळुरूच्या रहदारीतून वाट काढत मराठी व्याख्यानासाठी चामराजपेटपर्यंत येणं सोपं नाही. तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार. या मालिकेतली भाषणं नंतर पडद्यावर पाहिली जातात, पुस्तकरूपानं वाचलीही जातात. म्हणून बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, जिथं कुठं असाल तिथल्या मंडळींनाही नमस्कार.

आज मला बोलायचं आहे ते आंदोलनात पोलिसांचा मार लागलेल्या माणसांबद्दल, आणि ही माणसं एकमेकांची जी काळजी घेतात तिच्याबद्दल. मी पुढारी नाही, वकील नाही, पत्रकारही नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माहेर मिरजेचं, गेली बावीस वर्षं या शहरात काम करते. तेव्हा सुरुवात हाडांपासूनच करते.

आपल्या कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. एक अंगठ्याच्या बाजूचं, दुसरं करंगळीच्या बाजूचं. माणूस घसरून पडतो तेव्हा आपसूक तळहात जमिनीवर टेकतो. भार मनगटावर येतो आणि बहुतेक वेळा अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाजवळ मोडतं. आता समजा, डोक्यावर काठी येते आहे. तुम्ही काय कराल? हात आडवा वर धराल. धरून बघा एकदा. करंगळीच्या बाजूची कड बाहेर आली ना? काठी तिथं बसते आणि ते हाड मध्यावर मोडतं. वैद्यकाच्या पुस्तकांत या मोडण्याला पोलिसांच्या दंडुक्याचंच नाव आहे, ‘नाइटस्टिक फ्रॅक्चर’. काठीचा वळही असाच बोलका असतो. कातडीवर दोन समांतर लाल रेघा उठतात आणि मधली पट्टी फिकी राहते, कारण काठी बसते तिथलं रक्त दोन्ही कडांना ढकललं जातं. रेल्वेच्या रुळांसारखं दिसतं ते. जिन्यावरून पडल्यावर असा वळ उठत नाही.

तरीही असा हात घेऊन आलेला पेशंट पहिल्या दिवशी मला काय सांगतो? ‘जिन्यावरून पडलो.’ ‘गाडीवरून घसरलो.’ मी मान डोलावते आणि कामाला लागते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, हात हातात असताना, खरं काय ते हळूच बाहेर येतं.

माणूस खोटं का सांगतो? पहिली भीती गुन्ह्याची. जखम दाखवली की तू तिथं होतास हे सिद्ध होतं, मग दंगल केल्याचं कलम लागायला वेळ लागत नाही. दुसरी भीती नोकरीची आणि घरमालकाची. पण माझ्या अनुभवात सगळ्यांत मोठी भीती एका साध्या प्रश्नाची असते. तो प्रश्न पोलीस विचारत नाहीत. घरातली माणसंच विचारतात, प्रेमाच्या पोटी विचारतात. ‘तू गेलासच कशाला?’ बाई असेल तर आणखी जोरात. ‘तू गेलीसच कशाला?’

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी दोन बायका यायच्या. आंदोलन कुठलं, शहर कुठलं ते सांगत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. एक निपाणीकडची, घरी मराठी बोलणारी. तिचा डावा हात मघाशी सांगितला तसा मोडला होता. दुसरी मंड्याकडची, तिला कन्नडखेरीज काही येत नव्हतं. तिचा गुडघा सुजला होता आणि डोक्याला टाके होते. त्या दिवसाआधी दोघींनी एकमेकींना पाहिलंही नव्हतं. दवाखान्यात नेणाऱ्या टेम्पोत त्या शेजारी बसल्या. निपाणीच्या बाईनं चांगल्या हातानं आपली ओढणी मंड्याच्या बाईच्या डोक्यावर दाबून धरली, तिथून ओळख सुरू झाली.

प्लास्टर निघाल्यावर निपाणीच्या बाईला तळहात वर करता येत नव्हता. प्रसाद घ्यायला आपण हात पुढे करतो ना, तीच हालचाल. कुलूप उघडायला, भाकरी परतायला, पोराच्या तोंडात घास घालायला ती लागते. ती परत आणायची तर दिवसातून चार-पाच वेळा दुखणारा व्यायाम करावा लागतो. घरी व्यायाम न करणारे पेशंट मला रोज भेटतात. या दोघींनी सहसा एक दिवसही चुकवला नाही, कारण रोज रात्री फोन यायचा. ‘अक्का, आज किती वेळा केलंस?’ एकीला पोलीस ठाण्यात जबाबासाठी बोलावलं तेव्हा दुसरीनं रजा टाकली, लंगडत सोबत गेली आणि दारात बसून राहिली.

मी एकदा निपाणीच्या बाईला विचारलं, ‘घरचं कुणी का येत नाही तुझ्याबरोबर?’ ती म्हणाली, ‘घरात सगळे विचारतात, गेलीसच कशाला. ही एकटीच विचारते, दुखतंय का.’

आजचं माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. मराठीत आपल्याकडे ‘विचारपूस’ असा सुंदर शब्द आहे. आजाऱ्याकडे जाणं, बसणं, ‘कसं आहे आता’ म्हणणं. कुणाचं ऑपरेशन झालं की आपण नारळपाणी घेऊन जातो. अपघात झाला की जातो. पण लाठीचा मार लागलेल्याच्या घरी कुणी नारळपाणी घेऊन जात नाही. गेलो तर आपणही त्याच्या बाजूचे ठरू, अशी धास्ती असते. मग त्याची विचारपूस कोण करतं? ज्याला तसाच मार लागलाय तो. जखमीला जखमी ओळखतो. ही ओळख म्हणजे निव्वळ सहानुभूती नाही. ‘तुला लागलंय, ते खरं आहे, आणि तू खोटं सांगायची गरज नाही,’ एवढं सगळं तिच्यात येतं.

आता इतिहासाकडे बघू. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे.

२१ मे १९३० ला धारासण्याच्या मिठागरावर सत्याग्रही ओळीनं चालत गेले. नेतृत्व सरोजिनी नायडूंचं होतं. पोलिसांनी लोखंडी टोकाच्या काठ्यांनी डोकी फोडली. एक रांग पडली की दुसरी पुढे यायची. पण तिथं आणखी एक रांग काम करत होती, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. पडलेल्यांना उचलून नेणाऱ्यांची रांग. स्ट्रेचर पुरेनात, तेव्हा घोंगड्यांवरून माणसं नेली गेली. वेब मिलर हा अमेरिकन वार्ताहर तिथं हजर होता. तो तात्पुरत्या इस्पितळात गेला आणि त्यानं जखमी मोजले. ३२० भरले, दोघे दगावले होते. हा आकडा जगभरच्या वर्तमानपत्रांत गेला. कुणीतरी उचललं, कुणीतरी एका छपराखाली आणलं, म्हणून कुणाला तरी मोजता आलं. आधी शुश्रूषा, मग मोजणी, मग जगाला कळणं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढं तो पुन्हा लागेल.

पंचवीस वर्षांनी, १९५५ साली, गोव्याचा सत्याग्रह झाला. १८ मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट तुकडी घेऊन गोव्यात शिरले. बापटांचं वय तेव्हा ७४. पोर्तुगीज पोलीस सत्याग्रहींना बेदम मारत आणि बहुतेकांना हद्दीबाहेर आणून सोडत. बांदा, सावंतवाडी ही हद्दीवरची गावं. मार खाऊन परतणाऱ्यांना पहिला आसरा तिथल्याच लोकांचा. जुलैत मधू लिमये गेले, त्यांना तर अमानुष मारहाण झाली. १५ ऑगस्टला देशभरातून हजारो सत्याग्रही हद्द ओलांडू लागले तेव्हा गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसं मारली गेली. पंजाबातले कर्नैल सिंग बेनीपाल त्यात होते. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोदराबाई राय हाती तिरंगा असताना गोळ्या लागून जखमी झाल्या. पुढं १९५७ साली त्या सागर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेल्या.

मला या इतिहासात विशेष वाटते ती आग्वादच्या तुरुंगातली सोबत. नानासाहेब गोरे आणि मधू लिमये समाजवादी. त्रिदीब चौधुरी बंगालचे, क्रांतिकारी समाजवादी पक्षाचे. जगन्नाथराव जोशी जनसंघाचे, आपल्या कर्नाटकातल्या नरगुंदचे. बाहेर ही मंडळी एकमेकांच्या विचारांचे कट्टर विरोधक. आत सगळ्यांनी एकाच पोलिसांचा जाच सोसलेला. चौधुरींनी त्या एकोणीस महिन्यांवर पुस्तक लिहिलं, लिमयेंनी तुरुंगात रोजनिशी ठेवली. १९५७ साली सुटका झाल्यावर त्यांचे राजकीय मतभेद गेले नाहीत, जायचं कारणही नव्हतं. पण ‘तू गेलासच कशाला’ हा प्रश्न त्यांना एकमेकांना विचारावा लागला नाही. ओळख पटायला मतं जुळावी लागतात असं नाही, एवढं तरी आग्वादनं दाखवलं.

त्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १९५५ ला, मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. पंधरा माणसं गेली. पुढं जानेवारी १९५६ मध्ये त्याहून जास्त. १०६ हुतात्मे हा आकडा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. हुतात्मा चौकात शेतकरी आणि कामगार खांद्याला खांदा लावून मशाल धरून उभे आहेत. त्या स्मारकापुढं मीही मान झुकवते. पण मी हाडांची बाई, माझ्या मनात वेगळा प्रश्न येतो. पायात गोळी घेऊन गिरणीत परत गेलेला कामगार त्यानंतर किती तास उभा राहू शकला? ज्याचं कोपर कायमचं वाकडं राहिलं, त्यानं कुठलं काम धरलं? गेलेल्यांची यादी दगडात कोरली जाते. उरलेल्यांची यादी होत नाही. जखमी हा वर्तमानपत्रात आकडा असतो आणि तोही दुसऱ्या दिवशी पान बदलतो.

जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळ जासई आणि नवघरला जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातून पुढं साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं, ज्याचा आधार नंतर अनेक प्रकल्पग्रस्तांनी घेतला. दर जानेवारीत तिथं हुतात्म्यांना अभिवादन होतं.

आणि ११ जुलै १९९७. घाटकोपरची रमाबाई आंबेडकर नगर वसाहत. सकाळी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झालेली दिसली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव दलानं गोळीबार केला. दहा ठार, २६ जखमी. त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांना त्या दिवशी गोळी लागली नव्हती. तरी ती लागलीच होती, असं मी म्हणेन. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानं गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा आदेश देणारा अधिकारी मनोहर कदम याला २००९ साली सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावली, पुढं उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. या बारा वर्षांत खटला जिवंत कुणी ठेवला? वस्तीनं. साक्षीला उभं राहायचं, पोटाची खळी बुजवून पुन्हा तोच दिवस सांगायचा, कामाचा खाडा करायचा, यासाठी शेजारी कुणीतरी लागतं. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षं चित्रण करून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट २०११ साली पूर्ण केला, तोही या गोळीबारापासूनच सुरू झाला होता.

आता आपल्या शहराकडे येते. १८ आणि १९ एप्रिल २०१६. बंगळुरूच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या हजारो कामगार, बहुतेक बायका, अचानक रस्त्यावर आल्या. कारण भविष्य निर्वाह निधीचा नवा नियम. मालकाचा वाटा ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नव्हता. ज्या कामात चाळिशीत डोळे आणि पाठ जाते, त्या कामातल्या बाईला ५८ चा आकडा म्हणजे चेष्टाच होती. मागे मोठा पक्ष नव्हता, ओळखीचा पुढारी नव्हता. दगडफेक झाली, बस पेटल्या, पोलीस जखमी झाले. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारनं तो नियम मागे घेतला. त्याचा फायदा देशभरातल्या नोकरदारांना झाला. या सभागृहातही ज्यांनी नंतर पीएफ काढून घराचं डाउन पेमेंट भरलं असेल, ते त्यात आले. मग त्या बायकांच्या जखमांची विचारपूस आपल्यापैकी कुणी केली? हा टोमणा नाही. आपल्याला सुचत कसं नाही, याचं मला कुतूहल आहे.

इथून चालत गेलं तर मार्केटच्या अंगाला मिंटो डोळ्यांचं इस्पितळ लागतं. शंभराहून जास्त वर्षं ते गोरगरिबांचे डोळे तपासतंय. त्याच्यासमोरून जाताना मला चिली देश आठवतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथं मेट्रोच्या भाडेवाढीवरून आंदोलन पेटलं. पोलिसांच्या छऱ्यांनी आणि अश्रुधुराच्या नळकांड्यांनी चारशेहून अधिक माणसांच्या डोळ्यांना इजा झाली. ही मोजणी तिथल्या मानवाधिकार संस्थेनं इस्पितळांत जाऊन केली. डोळे गमावलेल्या तरुणांनी एकत्र येऊन संघटना उभी केली. फाबियोला काम्पिल्लाई या कारखान्यातल्या कामगार. त्या तर आंदोलनातही नव्हत्या, रात्रपाळीला निघाल्या होत्या. नळकांडं चेहऱ्यावर बसलं, दोन्ही डोळे गेले, वास आणि चवही गेली. दोन वर्षांनी त्या अपक्ष म्हणून सिनेटवर निवडून आल्या. पण याच चिलीत डोळे गमावलेल्यांपैकी काहींनी पुढच्या काळात आत्महत्या केल्या. तेव्हा विचारपूस ही कशीबशी वेळ घालवायची गोष्ट नाही. काही वेळा ती जीव आणि मरण यांच्यातली एवढीशी पायरी असते.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ‘मॅडम, पोलिसांनाही दगड लागतात. आंदोलकही सगळे साधू नसतात.’ अगदी बरोबर. हेल्मेटाखाली कपाळ फुटलेला हवालदारही माझ्याकडे येऊन गेलाय, त्याच्या खांद्यावर मी तेवढ्याच मनापासून काम केलंय. बारा-बारा तास उन्हात उभं राहून वरून आलेला हुकूम पाळणारा तोही कुणाचा तरी मुलगा आहे. पण त्याच्यामागे खातं आहे, रजा आहे, उपचाराचा खर्च आहे, वरिष्ठ बघायला येतात. आंदोलकामागे काय आहे? म्हणून मी आज त्याच्याबद्दल बोलते आहे.

दगड फेकले गेले म्हणून पुढचा सगळा मार माफ होतो का, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं दिलेलं आहे. २००७ साली जम्मूतल्या कटरा इथं विस्थापितांच्या मागण्यांसाठी मोर्चा निघाला होता. अनिता ठाकूर खटल्याच्या २०१६ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की जमाव हिंसक झाल्यावर बळ वापरणं समजू शकतं, पण परिस्थिती आटोक्यात आल्यावरही मारत राहणं हा मूलभूत हक्कांचा भंग आहे. मुख्य अर्जदार महिलेला दोन लाख आणि इतर दोघांना प्रत्येकी एक लाख भरपाई मिळाली. त्याआधी रामलीला मैदानावर जून २०११ च्या मध्यरात्री झालेल्या कारवाईबद्दल न्यायालयानं २०१२ साली निकाल दिला. मरण पावलेल्या राजबाला यांच्या वारसांना पाच लाख, गंभीर जखमींना पन्नास हजार, किरकोळ जखमींना पंचवीस हजार. रक्कम मोठी नाही. पण जखमीला जखमी म्हणून कागदावर जागा मिळाली.

आणि ‘कागद’ या शब्दापाशी मला थांबायचं आहे, कारण आता कामाचं बोलते. घरात कुणी विद्यार्थी असेल, कामगार असेल, शेतकरी असेल, तर हे लिहून ठेवा.

पहिली गोष्ट, दवाखान्यात खरं सांगा. ‘पडलो’ म्हटलं की केसपेपरवर ‘पडल्याने’ असं लिहिलं जातं, आणि पुढं तोच कागद तुमच्याविरुद्ध उभा राहतो. १९८९ च्या परमानंद कटारा निकालानुसार तातडीचे उपचार द्यायला कुठलाही डॉक्टर, सरकारी असो की खासगी, आधी पोलीस कागदपत्रं मागून नकार देऊ शकत नाही. मेडिको-लीगल नोंद करायला सांगा. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत आहे. वळ दोन-चार दिवसांत रंग बदलतात, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा.

दुसरी गोष्ट, शरीराची. पाठीवर, मांडीवर पुष्कळ मार लागला असेल आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत लघवी गडद, कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर घरी शेकत बसू नका. मार बसलेल्या स्नायूंतले घटक रक्तात उतरून मूत्रपिंड बंद पडू शकतं. ताबडतोब इस्पितळ गाठा. डोक्याला लागल्यावर उलट्या, वाढती गुंगी, बोलण्यात असंबद्धपणा आला तरी तसंच. अश्रुधुरात डोळे चोळू नका, साध्या स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा, लेन्स असेल तर काढा.

तिसरी गोष्ट, हक्काची. अटक झाली तर वैद्यकीय तपासणी हा हक्क आहे. १९९६ च्या डी. के. बसू निकालानं कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी बंधनकारक केली. मानवाधिकार आयोगाकडे तक्रार एका वर्षाच्या आत करावी लागते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जखमींना लवकरात लवकर मदत मिळाली पाहिजे आणि नातेवाइकांना कळवलं गेलं पाहिजे, हे तर बळाच्या वापराबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या तत्त्वांतच आहे.

आता चौथी गोष्ट, आणि ही कुठल्याही निकालात सापडणार नाही. जखमींना एकमेकांशी जोडा. आंदोलन संपलं की संघटना पुढच्या मुद्द्याकडे वळतात, ते स्वाभाविक आहे. पण प्लास्टर सहा आठवडे असतं. हाताची पूर्ण हालचाल यायला काही महिने जातात. गाडीचा सायरन ऐकून दचकणं, झोप न लागणं, गर्दीच्या रस्त्यावरून जाताना पाय थांबणं, हे त्याहून जास्त काळ चालतं. या काळात ज्यांना तोच मार लागलाय, त्यांना एकमेकांचे नंबर द्या. त्यांना विचारून द्या, कारण नावं बाहेर पडली तर त्रास होऊ शकतो. चार जण महिन्यातून एकदा भेटले तरी पुरे. कोण कामावर परतलं, कुणाचं औषध संपलं, कुणाला समन्स आलं, कुणाला रात्री झोप लागत नाही, एवढीच यादी. हीच यादी उद्या आयोगापुढं पुरावा होते. धारासण्याचा क्रम मघाशी सांगितला तो असा. आधी घोंगडं, मग आकडा.

मला माझ्या क्षेत्रातल्या मंडळींनाही सांगायचं आहे. असा हात, असा वळ समोर आला आणि पेशंट ‘जिन्यावरून पडलो’ म्हणाला, तर त्याला खोटं पाडू नका. ‘हे पडल्यामुळं झालेलं वाटत नाही, पण तुम्हाला सांगायचं असेल तेव्हा सांगा, मी इथं आहे,’ एवढं म्हणा. निम्म्या लोकांचा खांदा तिथंच सैल होतो. मी हातानं धरून पाहिलंय.

आणि आपण, ज्यांना मार लागलेला नाही, त्यांनी काय करायचं? आपल्याला आंदोलनाची मागणी पटली पाहिजे असं काही नाही. आग्वादमध्ये समाजवाद्यांना जनसंघ पटत नव्हता, जनसंघाला समाजवादी पटत नव्हते. मागणीवर वाद घाला, मोर्च्यानं झालेल्या खोळंब्याबद्दल कुरकुर करा, तो आपला हक्क आहे. पण आपल्या इमारतीत, गल्लीत, कचेरीत कुणी हात गळ्यात बांधून आलं आणि नजर चुकवून ‘पडलो’ म्हणालं, तर दार वाजवा. नारळपाणी न्या. कारण विचारू नका, ते त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल. आधी विचारायचा प्रश्न दुसरा आहे. दुखतंय का?

प्रश्नांसाठी मी थांबते आहे. ज्यांना चारचौघांत विचारायचं नसेल त्यांनी नंतर भेटा, मागच्या बाकावर बसून बोलू.